अकराव्या थराची आगारी

देवपूरच्या आमच्या गल्लीत अखाजीच्या दिवशी भरदुपारी कोळशाची शेगडी पेटवणारा मी एकटाच. घरात वातीचा स्टोव्ह आहे, चांगला चालतो, पण स्टोव्हवर आगारी टाकता येत नाही. तिला निखारा लागतो. शेजारच्या पुष्पाबाई दर वर्षी जिन्यातून डोकावून विचारतात, "काय हो जीवराम मास्तर, तुम्हाला ना बायको ना पोर. एवढी पितरं आणली कुठून?" मी म्हणतो, तुमचं पुरण करपतंय तिकडे बघा आधी. त्या हसत जातात. खरं उत्तर द्यायचं तर सुंदरबाईपासून सुरुवात करावी लागेल आणि त्यात माझी काही शोभा राहत नाही, म्हणून इतकी वर्षं टाळलं.

परक्या मुलखातल्या माणसासाठी आधी एवढं सांगतो. आमच्या खानदेशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्यानं भरलेली नवी घागर पुजतात. मग चुलीतल्या निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास ठेवायचा, वर तुपाची धार धरायची आणि ज्याचा घास त्याचं नाव घ्यायचं. घास जळाला, धूर वर गेला, की त्याला पोचला. याला आगारी टाकणं म्हणतात. ज्याच्यामागे कोणी नाही त्याचं नाव कोण घेणार, हा प्रश्न घरात पोरंबाळं असलेल्या माणसाला पडत नाही.

सुंदरबाईला पडला होता.

ही गोष्ट अडुसष्ट सालची. साक्रीच्या वाटेवर पांझरेकाठी एक गाव आहे. नाव सांगत नाही, उगाच लोक बघायला जातात आणि तिथं आता बघण्यासारखं काही नाही. गावाशेजारी एक मोठी पांढर होती. पांढर म्हणजे जुनी वस्ती मोडून झालेलं टेकाड. गावकरी तिची माती नेऊन घरांच्या सपाट मातीच्या छपरांवर, धाब्यांवर, टाकायचे. पुण्याहून एक साहेब तिथं उत्खननाला आले होते, लागोपाठ तिसरं वर्ष. त्यांना खापराच्या तुकड्यांची चित्रं काढणारा माणूस हवा होता. मी हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. हेडमास्तरांनी मला दोन महिन्यांसाठी उसना दिला, जणू मी शाळेची शिडी.

काम सोपं आणि कंटाळवाणं. मजूर खणणार, टोपल्यांतून खापऱ्या येणार, त्या धुवायच्या, वाळवायच्या, मग प्रत्येकीच्या पाठीवर काळ्या शाईनं खड्ड्याचा आणि थराचा आकडा घालायचा. त्यातल्या बऱ्या दिसतील त्यांची मी चित्रं काढायची. थर म्हणजे मातीचे पापुद्रे. वर ते नवं, खाली ते जुनं, हे सगळं शास्त्र. आमच्याकडे अकरा थर निघाले. अकराव्याखाली कोरी माती.

खापऱ्या धुवायला सुंदरबाई होती. कुंभाराची विधवा. वयाचं विचाराल तर हजेरीपटावर पन्नास लिहिलं होतं, कारण तिनं कारकुनालाच विचारलं होतं, "मी कितली दिसस?" नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. दोन पोरं पटकीत एका आठवड्यात गेली. एक पुतण्या होता छगन, तो जळगावला डाळमिलमध्ये लागला. गावात जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, भांडी आली, मडकी कोणी घेईना, चाक भिंतीला टेकवून ठेवलेलं. कुंभारवाड्याच्या टोकाला एकटीचं घर. घरून कामावर आणि कामावरून घरी, मध्ये तिच्याशी बोलायला कोणी नाही, म्हणून ती खापऱ्यांशी बोलायची. मला आधी वाटलं डोक्यानं कमी आहे. मग कळलं की डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे, फक्त ऐकणारा नाही.

एकदा मला म्हणाली, "मास्तर, हाई देख. हाई मडकं बाईनं शे." अहिराणीत तुम्ही-आपणचा जाच नाही, ती मला तूच म्हणायची आणि मला ते आवडायचं.

मी म्हटलं, "का? कुंकू लावलंय वाटतं त्याला?"

"बोटनं वय देख ना भाऊ. बारीक बोट शे. आन तिले घाई व्हती. आथं दाबं आन सोडी दिधं. पोर रडत व्हई घरमा."

तिच्या बोलीत वळाला वय म्हणतात. मी हसलो. पण घरी गेल्यावर त्या खापरीचं चित्र काढताना तो बोटाचा वळ मी तीनदा खोडून काढला. जमला नाही.

तिचा रोजचा एक प्रश्न ठरलेला. "कितलं जुनं शे रे हाई?" मी म्हणायचो, साहेबाला विचार. साहेबांना विचारायचा धीर तिला नव्हता, आणि विचारलं असतं तरी साहेबांकडे पक्कं उत्तर नव्हतं. दुखणं तेच होतं. खालच्या थरांत तांबड्या मडक्यांवर काळ्या रंगाची नक्षी निघत होती. हरणं, जाळ्या, लाटा. साहेबांचं म्हणणं, हे तीन हजार वर्षांच्या पलीकडचं. पुण्यातले दुसरे विद्वान म्हणत, छे, हजारभर वर्षं कमी करा. खापरावर तारीख लिहिलेली नसते. ती सांगणार फक्त कोळसा. झाड तोडलं की त्याच्यातलं काहीतरी दर वर्षी ठराविक मापानं उतरत जातं. किती उरलं ते मुंबईच्या प्रयोगशाळेत मोजतात आणि झाड कधी तोडलं ते कळतं. कोळशाशेजारी जे मडकं, त्याचंही वय मग तेच. मला एवढंच कळलं आणि एवढंच मी सुंदरबाईला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. म्हटलं, हिला काय कळणार! शहाणपणाची मक्तेदारी आम्हा मास्तर लोकांकडे असते ना.

तीन वर्षं अकराव्या थरात कोळसा सापडला नव्हता. अखाजीच्या आदल्या संध्याकाळी सापडला. सोळा फूट खोल, एक चूल. तीन बाजूंनी मातीचा कठडा, लिंपलेला, वरून हात फिरवल्यासारखा गुळगुळीत. आत ओंजळभर कोळसा आणि शेजारी नक्षीचं फुटकं मडकं. साहेब खड्ड्यात गुडघे टेकून बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. माणूस रडत असावा, पण मी वरून बघत होतो, नक्की सांगता येणार नाही.

उजेड गेला होता. फोटो सकाळच्या उन्हात काढायचा होता आणि फोटोआधी कोळशाला हात लावायचा नाही असा नियम. पण अखाजीला खानदेशात मजूर कामावर येईल? नाव काढू नका. दोन दिवस सुट्टी द्यावीच लागली. साहेबांनी चुलीवर घमेलं पालथं घातलं, वर पोतं टाकलं, पहारेकऱ्याला ताकीद दिली. मी देवपूरला निघून आलो. सुंदरबाई खड्ड्याच्या काठावर उभी राहून खाली बघत होती. मला म्हणाली, "चूल शे ना ती?" मी म्हटलं, हो. "मंग त्या लोके कोठे ग्यात?" मी म्हटलं, मेले, दुसरं काय होणार. आणि बस गाठायला पळालो.

तिसऱ्या दिवशी फोटो झाला. साहेबांनी चिमट्यानं एकेक कोळसा उचलला, हाताचा स्पर्श होऊ न देता काचेच्या बरणीत ठेवला, झाकण लावलं. मी चिठ्ठी लिहिली, थर अकरा. साहेब म्हणाले, "मास्तर, आपली तीन वर्षं या बरणीत आहेत." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ते स्वतः ती घेऊन निघणार होते.

दुपारी मी चटईवर वाळलेल्या खापऱ्यांवर आकडे घालत बसलो होतो. शेजारी सुंदरबाई धूत होती. आज मोठ्या खुशीत. म्हणाली, "मास्तर, माले आते बरं वाटस. परवा मी त्यासले आगारी टाकी वनू."

"कोणाला?"

"त्या चूलवाल्यासले. पहारावाला जेवाले घर गयथा. मी खापरमा इस्तव लई गयू, त्यासना चूलमा ठेवा, घास टाका, तूप टाकं. त्यासनं कोनी नही रे भाऊ. त्यासले कोन टाकी?"

माझ्या हातातला टाक खाली पडला. शाई चटईवर.

घरच्या चुलीतला विस्तव तिनं खापरात घालून नेला होता. बाभळीचा, त्याच दिवशीचा कोळसा. त्या चुलीत ठेवला होता, स्वतः घडवून भाजलेल्या पालथ्या खापरावर केलेली पुरणपोळी त्यावर टाकली होती, तूप ओतलं होतं. सगळं निवाल्यावर राख नीट सावरून ठेवली, घमेलं होतं तसं पालथं घातलं, पोतंही तसंच. नीटनेटकी बाई. म्हणून कोणाला संशय आला नाही.

"अगं बये, काय करून बसलीस!" मी ओरडलो. मग आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. तिला सांगितलं, त्या कोळशावरून या मडक्यांचं वय काढणार होते. तो कोळसा आता त्यांचा राहिला नाही. पुढे जे बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हटलं, "हे कोणाला बोलू नकोस. मीही बोलणार नाही. बरणी जाईल, काय यायचं ते उत्तर येईल. तू सांगितलंस तर तुझं काम गेलंच समज." तिच्या काळजीनं म्हणालो, हे अर्धंच खरं. साहेबांसमोर उभं राहून हे सांगायची माझीही छाती नव्हती.

तिनं हात धुतले. पदराला पुसले.

"म्हंजे मन्हा कोयसा त्यासना कोयसामा मियी ग्या?"

"हो."

"मंग त्यासनं वय खोटं निंघी?"

"निघेल. निघू दे ना! तुला काय करायचंय? आपणहून हात दाखवून अवलक्षण कशाला?"

ती उठली. म्हणाली, "मास्तर, फुटकं मडकं चांगलं म्हनीसन कोनाले इकू नही. मन्हा बापनी माले इतलंच शिकाडं." आणि सरळ बाभळीखाली गेली, जिथं साहेब चहा घेत बसले होते. दोन महिन्यांत ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली. मी मागोमाग गेलो, पण चार पावलं लांब उभा राहिलो. तिची अहिराणी साहेबांना नीट कळेना, तर मला भाषांतर करावं लागलं. म्हणजे शेवटी सांगितलं मीच, पण धीर तिचा.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बरणीचं झाकण काढलं, नाकाशी नेली. तुपाचा वास आला असावा. मग ते चालत मातीच्या ढिगाऱ्यापर्यंत गेले आणि बरणी तिथं उपडी केली. चुलीत दुसरा कोळसा राहिला नव्हता. परत येऊन माझ्याकडे बघत म्हणाले, "उद्यापासून बाईंना येऊ नका म्हणून सांगा." ती समोरच उभी होती.

तरी तिनं त्या दिवशीची टोपली पुरी धुतली. एकेक खापरी वाळत ठेवली, थरावारी, एकही इकडची तिकडे नाही. जाताना मला विचारलं, "आते दुसरा कोयसा सापडी का रे मास्तर?"

"सापडेल," मी म्हटलं. हे मी कशाच्या आधारावर म्हटलं, देव जाणे. तिला आधार वाटला एवढं खरं.

सापडला नाही. आठ दिवसांत मोसम संपला, पुढच्या वर्षी सरकारी मंजुरी आली नाही, खड्डा बुजवला. साहेबांच्या छापील अहवालात माझी चित्रं आहेत, छान छापलीत. त्यांच्याखाली एक ओळ आहे, अकराव्या थराचा काळ अनिश्चित.

मी तिच्याकडे परत गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार? गप्प बस म्हणणारा मी आणि काम गेलं तिचं. माझी नोकरी, माझी खोली, माझी खानावळ, सगळं जागच्या जागी होतं.

एकाहत्तरच्या दिवाळीत साहेबांचं कार्ड आलं. तापीकाठच्या दुसऱ्या एका गावी त्यांना अगदी तशीच मडकी सापडली होती. माझ्या चित्राशी ताडून बघितलं तर तीच घडण, तीच हरणं. तिथं कोळसा भरपूर निघाला आणि मुंबईहून आकडा आला. तीन हजार चारशे वर्षं, शंभर इकडे, शंभर तिकडे. साहेबांचं बरोबर निघालं होतं. कार्डाच्या शेवटी, जागा संपली म्हणून कडेला उभं लिहिलं होतं, "सुंदरबाईंना अवश्य सांगा. त्या बोलल्या नसत्या तर मी खोटा आकडा उराशी धरून बसलो असतो."

एसटीनं पाऊण तासाचा रस्ता. मी काय केलं? कार्ड टेबलाच्या खणात ठेवलं. येत्या रविवारी जाऊ. रविवारी मुलांच्या एलिमेंट्री चित्रकला परीक्षेची तयारी निघाली. मग थंडी होती, मग ऊन होतं. मग दुष्काळाचं वर्ष आलं, तेव्हा म्हटलं, अशा दिवसांत त्या बाईला मडक्यांचं वय सांगायला जायचं म्हणजे तिची थट्टाच की. माणसाला जायचं नसलं की कारणं पायलीची पन्नास मिळतात. कार्ड खणात होतं. खण उघडला की दिसायचं, मी वर पेपर ठेवायचो.

चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये पेपर तपासायला जळगावला गेलो होतो. स्टेशनाबाहेर चहाच्या गाडीवर एका माणसानं हाक मारली, "मास्तर ना तुम्ही? खापऱ्यांचे?" तो छगन, सुंदरबाईचा पुतण्या. उत्खननावर एकदा काकूला भेटायला आला होता. अंगावर डाळीचा भुसा, डोळे लाल.

मी विचारलं, "काकू कशी आहे?"

"गेली ना. श्रावणात. चार दिवस कोणाला पत्ता नव्हता. शेजारच्या कमलबाईला दार बंद दिसलं म्हणून कळलं." त्यानं कपातला चहा बशीत ओतला. "तुमची फार वाट बघायची. मी गेलो की एकच विचारायची, मास्तर भेटना का? साहेबले वय सापडनं का? माझ्यामुळं त्या लोकांचं वय हरवलं, म्हणायची. मी म्हणायचो, काकू, सोड ना, कोणाला पडलंय? तर रागवायची."

श्रावणात गेली. कार्ड त्याआधी पावणेदोन वर्षं माझ्या खणात होतं.

मी विचारलं, "अखाजीला तिची आगारी टाकशील ना?"

छगन ओशाळला. "कशावर टाकू मास्तर? चाळीत खोली आहे, स्टोव्ह आहे. घरमालक कोळसा पेटवू देत नाही. गावचं घर तर पडलं."

त्या वर्षीच्या अखाजीला मी बाजारातून शेगडी आणली, कोळसे आणले. पुरणपोळी येत नाही, खानावळीतून दोन मागवल्या. आगारी कशी टाकतात ते लहानपणी आईला बघितलेलं, तेवढ्यावर भागवलं. कोळसे पेटता पेटेनात, धुरानं डोळे भरले, पुष्पाबाई जिन्यातून बघून गेल्या. निखारे झाल्यावर पहिला घास अकराव्या थरातल्या माणसांना टाकला. त्यांची नावं कोणालाच ठाऊक नाहीत, तर मी थराचा आकडा म्हटला. त्यांना टाकणारी होती ती गेली, म्हणून मी.

दुसरा घास सुंदरबाईचा. नाव घेतलं, तूप ओतलं आणि कार्ड समोर धरून मोठ्यानं वाचलं, तीन हजार चारशे, शंभर इकडे, शंभर तिकडे. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. घास जळून गेला तरी मी तिथंच बसून होतो.

तेव्हापासून दर वर्षी असंच करतो. माझ्यामागे माझा घास कोण टाकणार, हे मला पुष्पाबाईंना विचारता येत नाही. आगारी टाकून मोकळं वाटतं का, असं कोणी विचारलं तर खोटं सांगणार नाही, वाटत नाही. तिला ऐकायचं होतं तेव्हा मी पाऊण तासाच्या अंतरावर स्टोव्हवर चहा करत बसलो होतो.